मागील पानावरून पुढे

आमच्या आईचं माहेर कोल्हापूरचं. त्यामुळे शिक्षण म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे आधी बोर्डिंग उभं राहतं. शाहू महाराजांनी १९०१ सालापासून एकेका समाजाच्या मुलांसाठी तिथं बोर्डिंगं सुरू करून दिली आणि आईच्या माहेरचे निम्मे पुरुष कुठल्या ना कुठल्या बोर्डिंगात जेवून शहाणे झालेले. तेव्हा २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेहून ताईचा फोन आला आणि दोन-तीन आवंढे गिळून तिनं सांगितलं की, "बाळनं कम्युनिटी कॉलेजात नाव घातलंय," तेव्हा आईनं अगदी सहज विचारलं,

"कुठल्या कम्युनिटीचं?"

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं लाइन गेली.

"सगळ्यांचं आहे गं ते," ताई म्हणाली.

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. जेवणाखाण्याची तरी सोय आहे का?"

बाळ म्हणजे ताईचा मुलगा. सहा फूट उंच, जन्म कॅलिफोर्नियातला. आजी त्याला बाळ म्हणते म्हणून आम्हीही म्हणतो. त्याला जेवणाखाण्याची अडचण नव्हती. कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर होतं आणि नेमकी तीच ताईची अडचण होती. अमेरिकेतला मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईबापांनी त्याच्या गाद्या-उशा मोटारीत कोंबून त्याला लांबच्या विद्यापीठात पोचवायचं, दारात उभं राहून फोटो काढायचा आणि तो फोटो सांगली-कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाइकांना पाठवायचा अशी वहिवाट आहे. ताईचा मुलगा सकाळी इथंच पोहे खाऊन निघायचा आणि दुपारी परत यायचा. फोटो काढणार कशाचा?

त्यातून विषय बिझनेस. आता वाचकांना उगाच घाबरवू नये म्हणून सांगतो, बिझनेस म्हणजे आपलं कॉमर्सच. फक्त कॉमर्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मी येतो आणि बिझनेस म्हटलं की टाटा येतात. आमच्या घराण्यात दहावीला बरे मार्क पडले की सायन्स आणि बरे पडले नाहीत की कॉमर्स, असा नियम आहे. ताईला बरे पडले होते. मला पडले नाहीत. त्यामुळे मी तालुक्याच्या कॉलेजात बी. कॉम. झालो, काही वर्षं एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहिले आणि २००८ साली बँकेत कारकून म्हणून चिकटलो. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. टेबल तेच आहे. खुर्चीचा एक पाय तेवढा नवीन बसवलाय.

खरं सांगायचं तर बाळचा हिशेब मला पहिल्या दिवसापासून पटला होता. आठ ठिकाणी त्यानं अर्ज केले. सात ठिकाणांहून गोड शब्दांत नकार आला आणि आठव्या ठिकाणाहून, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या एका खाजगी विद्यापीठातून, होकार आला. फी वर्षाला साठ हजार डॉलरांच्या घरात. दाजी कर्ज काढायला तयार होते. (नोकरदार माणूस कर्ज काढायला किती चटकन तयार होतो, हे मला काउंटरच्या आतून माहीत आहे.) पण बाळनं एका कागदावर आकडेमोड केली. कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला डी अँझा कॉलेजात एका युनिटला ३१ डॉलर पडतात. विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बसायला असे ९० युनिट लागतात. म्हणजे २ हजार ७९० डॉलर, दोन्ही वर्षांचे मिळून. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात तेव्हा एका वर्षाचेच १३ हजारांवर होत होते. "मी आधी इथं दोन वर्षं करतो, मग तिकडे जातो. डिग्रीवर तिकडचंच नाव येतं," असं म्हणून त्यानं तो कागद फ्रिजवर चिकटवला. पुढे २०२३ च्या जानेवारीत दाजींची नोकरी गेली. त्या दिवसांत तिकडे हजारोंच्या गेल्या. तेव्हा तो कागद सगळ्यांनी फ्रिजवर पुन्हा एकदा वाचला म्हणे. कुणी काही बोललं नाही.

तरीसुद्धा ताईनं ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. २०२२ च्या डिसेंबरात सांगलीला चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं, त्याला ती आली होती. पंगतीत एका मावशींनी विचारलं, "मुलगा काय करतो गं?"

"बिझनेस करतोय, कॅलिफोर्नियात."

"कुठंशी?"

"क्युपर्टिनोत."

"म्हणजे ते अ‍ॅपलचं गाव?"

"हो, तेच."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण शेजारच्या पाटावरच्या काकांनी लगेच पलीकडे कळवलं की, ताईचा मुलगा अ‍ॅपलमध्ये लागला. आम्ही बँकवाले दरवर्षी ३१ मार्चला हेच करतो. त्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. खोटा आकडा लिहायचा नाही. खरा आकडा अशा जागी ठेवायचा की पाहणाऱ्यानं आपण होऊन चूक करावी.

२०२३ च्या मे महिन्यात आईला घेऊन मी अमेरिकेला गेलो. तिकीट ताईनं काढलं. दाजींची नोकरी गेलेली असताना आम्ही जावं की नाही, यावर घरात बराच खल झाला. पण तिकिटं आधीच काढलेली होती आणि परत केली तर निम्मेच पैसे मिळणार होते, त्यामुळे तत्त्वाचा प्रश्न आपोआप सुटला. परवानगीसाठी साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, "अमेरिकेत? महिनाभर? मग कॅशवर कोण बसणार?" अमेरिकेचा असा विचार मी केला नव्हता.

तिकडे गेल्यावर दाजींनी आम्हाला प्रेक्षणीय स्थळं दाखवायला सुरुवात केली. पहिलं स्थळ गोल्डन गेट. दुसरं बाळचं कॉलेज. पण ते ताई किराणा आणायला गेली असताना. लाल कौलांच्या बैठ्या इमारती, मध्ये कारंजं, मोकळी हिरवळ. "इथं एक मोठं थिएटर होतं," दाजी हळू आवाजात सांगू लागले, जणू ताई कौलांवर बसून ऐकते आहे. "१९८४ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्झनं पहिला मॅकिंटॉश लोकांना दाखवला तो तिथं. आणि त्याचा जोडीदार वोझनियाक, तो या कॉलेजात शिकला आणि मग बर्कलीला गेला."

"मग हे ताईला सांगा की, दाजी."

"तिला माहीत आहे. ती म्हणते, आपला बाळ वोझनियाक नाही."

या उत्तराला तोड नव्हती.

दाजींना त्या दिवसांत वेळ भरपूर होता, त्यामुळे या कॉलेजांचा पूर्वेतिहासही मला ऐकायला मिळाला. सध्या चालू असलेलं असलं पहिलं सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट नावाच्या गावी १९०१ साली निघालं. म्हणजे आमच्या कोल्हापुरात बोर्डिंगं निघू लागली त्याच साली. (हे मी आईला सांगितलं. तिला त्यात काही नवल वाटलं नाही.) कॅलिफोर्नियात पहिलं फ्रेस्नोला, १९१० साली. आणि १९६० साली, इकडे महाराष्ट्र राज्य जन्माला आलं त्या वर्षी, तिकडे क्लार्क कर नावाच्या विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या पुढाकारानं एक योजना मंजूर झाली. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांतल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जागा. वरच्या एक-तृतीयांशांना स्टेट कॉलेजं. आणि उरलेल्या कुणालाही, ज्याला शिकायचंय त्याला, ही कॉलेजं. शिवाय इथं नीट अभ्यास केला तर तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात शिरायची वाट. आज तिथं अशी शंभराच्या वर कॉलेजं आहेत. शिरतात ते सगळेच पलीकडे पोचतात असं नाही. नोकरी करता करता, मुलं सांभाळता सांभाळता बरेच जण मधेच गळतात. पण मला त्या साडेबारा टक्क्यांपेक्षा त्या 'उरलेल्या'त जास्त रस वाटू लागला. तो आमचाच गट.

एका रात्री मी पाणी प्यायला उठलो तर बाळ जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसलेला. समोर कागद. अकाउंटिंगचा गृहपाठ. तेरीज जुळत नव्हती.

आता, एखाद्या निवृत्त पैलवानाला आखाड्यातली माती दिसावी तसं माझं झालं. मी खुर्ची ओढली.

"फरक कितीचा आहे?"

"पाचशे चाळीस."

"नवानं भाग जातो?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की, मामाला झोपेत चालायची सवय असावी. मग त्यानं भागलं. "सिक्स्टी. जातो."

"मग कुठंतरी आकडे उलटे पडलेत. शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी गेले की फरकाला नवानं हमखास भाग जातो. बघ शोधून."

दहा मिनिटांत सापडलं. १ हजार २८० च्या जागी १ हजार ८२० लिहिले होते. बाळ खुर्चीतून उठला. माझ्या आयुष्यात माझ्याकडे इतक्या आदरानं पाहिलेलं मला आठवत नाही. बँकेत तर नाहीच. त्यानं विचारलं, "मामा, तुला हे कुणी शिकवलं?"

"कापडाच्या दुकानातल्या दिवाणजींनी. ते चौथी शिकलेले."

मग त्या रात्री आमचा क्लास लागला. मी पुस्तपालन मराठीत शिकलेलो. "घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. येतं ते नावे, जातं ते जमा. खर्च-तोटे नावे, उत्पन्न-नफे जमा." हे मी एका चालीत म्हणून दाखवलं, कारण ते दुसऱ्या कुठल्या प्रकारे मला येतच नाही. बाळ म्हणाला, "हे पोएम आहे का?" त्यांना असलं काही नसतं. मालमत्ता बरोबर देणी अधिक मालकाचं भांडवल, एवढं एक समीकरण देतात आणि त्यावर सगळा प्रपंच. मी थोडा हिरमुसलो. तीस वर्षं पाठ केलेली आरती, आणि इथं देवाला नुसता एक फोन केला की काम होतं!

बाळनं ही नवाची युक्ती त्याच्या बाईंना सांगितली आणि बाईंनी मामाला वर्गात घेऊन यायला सांगितलं.

संध्याकाळचा वर्ग होता. मला वाटलं होतं सगळी बाळच्याच वयाची पोरं असतील. शेवटच्या बाकावर मी बसलो तर माझ्या एका बाजूला नखं रंगवायचं दुकान चालवणारी व्हिएतनामी बाई, दुसऱ्या बाजूला सैन्यातून परत आलेला एक दांडगा गृहस्थ, पुढे गॅरेजचा डगला तसाच अंगावर घेऊन आलेला एक मुलगा. दुकानवाल्या बाई चाळिशीच्या पुढच्या. "तुम्ही कुणाच्या पालक?" असं मी विचारणार होतो, तेवढ्यात त्यांनी दप्तरातून वही काढली. या वयात कशाला, असं त्यांना कुणीही विचारत नव्हतं. मी मात्र मनात विचारलं आणि मग माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं. एक छोटा ताळेबंद मांडून दाखवा म्हणाल्या. मी खडूऐवजी हातात दिलेलं पेन घेतलं, मधोमध रेघ मारली आणि सवयीनं डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता असं मांडून मोकळा झालो. वर्गात खसखस पिकली. मागं वळून पाहतो तो बाळनं तोंड वहीत लपवलेलं. अमेरिकेत मालमत्ता डावीकडे आणि देणी उजवीकडे! मोटारी उजवीकडून चालवतात हे मला कळलं होतं; पण ताळेबंदसुद्धा उजवीकडून चालवतील याची कल्पना नव्हती. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ही इंग्रजांची जुनी पद्धत, बेरीज दोन्हीकडे तीच येते. (आपल्याकडेही कंपन्यांचा ताळेबंद आता उभा लिहितात. पण हाताला लागलेलं वळण कंपनी कायद्यानं जात नाही.) तास संपल्यावर त्यांनी मला विचारलं, तुम्ही कुठं शिकलात? मी तालुक्याचं नाव सांगितलं. त्यांना ते कळायचं कारण नव्हतं. "छोटं कॉलेज होतं," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मीपण अशाच कॉलेजातून सुरुवात केली," आणि दिवे मालवायला लागल्या.

परतताना गाडीत मी बाळला विचारलं, "तू इथलं सगळं शिकलास, पण विद्यापीठानं म्हटलं आम्हाला हे चालत नाही, तर?"

"चालतं. लिस्ट आहे."

घरी आल्यावर त्यानं ती संगणकावर दाखवली. असिस्ट तिचं नाव. एका बाजूला विद्यापीठाचा विषय, दुसऱ्या बाजूला या कॉलेजचा विषय, आणि मधे बाण. अकाउंटिंगसमोर अकाउंटिंग. सूक्ष्म अर्थशास्त्रासमोर सूक्ष्म अर्थशास्त्र. स्टॅटिस्टिक्स, कॅलक्युलस, इंग्रजी. आणि जिथं जुळत नाही तिथं स्वच्छ लिहिलेलं की, जुळत नाही. नापसंतीला जागा आहे. पण ती आधीच कळते. वर नऊपैकी सहा विद्यापीठं म्हणतात की अमुक विषय अमुक मार्कांनी पुरे करा, जागा नक्की. आमच्या भाषेत हे क्लिअरिंग हाउस झालं. चेक एका बँकेचा, वटणार दुसऱ्या बँकेत, आणि दोघींनी आधीच ठरवून ठेवलंय की एकमेकींचा कागद मानायचा.

मी बराच वेळ ती यादी वर-खाली करीत राहिलो. बाळ म्हणाला, "मामा, तुला काय शोधायचंय?"

मला काही शोधायचं नव्हतं. १९९८ साली मी एफ. वाय. बी. कॉम. झालो तेव्हा अडुसष्ट टक्के पडले होते. आमच्या कॉलेजला ती मोठीच बातमी होती. प्राध्यापक म्हणाले, पुढची दोन वर्षं शहरात कर, तिथं सी. ए.च्या फर्म आहेत, काहीतरी होशील. वडील एस. टी.त कंडक्टर. त्यांनी रजा टाकली आणि आम्ही दोघं एका मोठ्या शहरात, एका विद्यापीठाच्या कचेरीत, एका खिडकीसमोर उभे राहिलो. लीव्हिंग सर्टिफिकेट होतं, मायग्रेशन सर्टिफिकेट होतं, मार्कशीटच्या तीन खऱ्या नकला होत्या. खिडकीतल्या माणसानं सगळं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "सिलॅबस जुळत नाही. यांना परत एफ. वाय.ला बसावं लागेल."

वडिलांनी विचारलं, "पण त्यानं केलंय की ते वर्ष. मग ते गेलं कुठं?"

खिडकीतला माणूस म्हणाला, "पुढचे या."

एवढंच झालं. कुणी आरडाओरडा केला नाही. आमचा चेक 'रेफर टु ड्रॉवर' असा शेरा मारून परत आला, दुसरं काय. येताना वडिलांनी एस. टी.त मला खिडकीची जागा दिली आणि ते तिकिटांच्या पेटीवर हात ठेवल्यासारखा हात मांडीवर ठेवून गप्प बसले. मी तालुक्याच्याच कॉलेजात बी. कॉम. झालो. फार वाईट झालं असंही नाही, सी. ए.च्या परीक्षेत मी पहिल्या झटक्यात पास झालो असतो अशी माझी समजूत आहे, आणि ती तपासून बघायची वेळ आली नाही हेही बरंच. पण वडील पुढं २०११ साली गेले, तोवर मधूनच कधी जेवताना म्हणायचे, "ते एक वर्ष गेलं कुठं?"

हे सगळं मी बाळला मराठीत सांगितलं. त्याला किती कळलं कोण जाणे. तो म्हणाला, "तुम्हाला लिस्ट दाखवली नाही?"

"लिस्ट नव्हतीच रे."

आता आपल्याकडेही २०२१ साली अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाची सोय झाली आहे. एका कॉलेजात मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा होतात आणि दुसऱ्या कॉलेजात वापरता येतात, असं तिचं म्हणणं. आमची कन्या यंदा एफ. वाय.ला आहे, तिचंही खातं उघडलंय. बँकेचं नाव ऐकून मी आधी हबकलो. पासबुक भरून मिळतं का, आणि खिडकी किती वाजता बंद होते, हे तिला दोनदा विचारलं. खिडकीच नसते, असं ती म्हणाली. हे ऐकून मला बरं वाटलं.

असो. सांगायचा प्रसंग पुढेच आहे.

आम्ही परतायच्या आधीच्या शनिवारी ताईच्या एका मराठी स्नेह्यांकडे जेवण होतं. प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन जायचा, म्हणजे आपल्याकडची अंगतपंगत. पंचवीस-तीस माणसं. बटाटेवडे, पुरणपोळ्या आणि मुलं कुठं शिकतात हे तिन्ही गोष्टी गरम गरम वाढल्या जात होत्या. एकीचा मुलगा बॉस्टनला, एकीची मुलगी शिकागोला. ताई स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात सारखी ये-जा करीत होती, म्हणजे तिला कुणी गाठू नये. पण आईला गाठलं.

"आजी, तुमचा नातू कुठं असतो हो?"

ताई कोशिंबिरीचं पातेलं हातात घेऊन दारात थिजली. मी डोळ्यांनी खुणा केल्या. पण आईला मोतीबिंदूमुळे खुणा दिसत नाहीत. एरवीही ती बघत नाही.

"आमचा बाळ कम्युनिटी कॉलेजात आहे," आई खणखणीत आवाजात म्हणाली. "सगळ्या समाजाचं कॉलेज आहे हो. कुणालाही घेतात. याच्या वर्गात सैन्यातला माणूस आहे, नखं रंगवणारी बाई आहे. आणि फी किती सांगा बघू?"

कुणी सांगितली नाही. दिवाणखान्यात एकदम चमचे वाजायचे थांबले.

"एकतीस डॉलर! एका विषयाला नव्हे, ते कसलं ते, युनिट. मी म्हटलं, यांच्यासारखे नव्हेत आपल्याकडचे. पोरगं घरी जेवतं, घरी झोपतं आणि फी एकतीस डॉलर. तुमच्या मुलाची किती?"

हा प्रश्न बॉस्टनवाल्या बाईंना होता. त्यांनी आकडा सांगितला. आईनं तो माझ्याकडून रुपयांत करून घेतला. मी केला. ब्याऐंशीनं गुणताना माझा आवाज बारीक होत गेला. "अगं बाई," आई म्हणाली, "मग त्याला जेवायला तरी घालतात का?"

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या खुर्चीतून घरमालकीण बाई घसा साफ करून म्हणाल्या, "खरं सांगू का, आमची धाकटी पण सप्टेंबरपासून तिथंच जाणार आहे. म्हटलं, आत्ताच कशाला सांगायचं." त्यावर एक गृहस्थ म्हणाले, त्यांचा पुतण्या तिथूनच बर्कलीला गेला. आणखी एक जण म्हणाले, ते स्वतः ऑफिस सुटल्यावर तिथं जपानी शिकायला जातात, बायकोला जिम सांगितलंय. त्यांची बायको समोरच होती. अशा रीतीनं एका तासात त्या घरात ताळेबंदाबाहेरच्या कितीतरी रकमा बाहेर आल्या. शिकागोवाल्या बाईंनी ताईला बाजूला घेऊन विचारलं, "ती यादी कशी बघायची असते गं? आमचा धाकटा दहावीला आहे."

गाडीत बसल्यावर ताई आईला काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. ती घर येईपर्यंत हसत होती. मधेच रडलीही असावी. दाजी गाडी चालवत होते आणि मी पुढे बसलो होतो, मागे वळून पाहायची सोय नव्हती.

२०२४ च्या एप्रिलच्या शेवटी रात्री साडेअकराला बाळचा फोन आला. बर्कलीनं नाही म्हटलं. अर्व्हाइननं हो म्हटलं, बिझनेसलाच. मी पहिला प्रश्न विचारला, "युनिट किती धरले?"

"सगळे, मामा. मी चेक केलं. अकाउंटिंगपण."

"एकही वर्ष परत करायचं नाही ना?"

"नाही. मी डायरेक्ट ज्युनिअर. म्हणजे थर्ड इयर."

मी ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. आवाज ऐकून आई उठून आली. तिला सगळं सांगितलं. बाळ आता त्या कॉलेजातून मोठ्या विद्यापीठात चाललाय, घरापासून लांब, गाद्या-उशा घेऊन.

"बरं झालं," आई म्हणाली. "हे कुठल्या समाजाचं?"

"सरकारी आहे गं."

"आणि फी?"

मी डॉलरांतला आकडा सांगितला आणि सवयीनं रुपयांतही करून दिला.

आई अंथरुणाकडे वळता वळता थांबली.

"मग पहिलं काय वाईट होतं?"